१३५ गुण, पर्सेंटाइल आणि ऑप्शन फॉर्म

"पोराला कॉम्प्युटरला घालायचंय, किती पर्सेंटाइल लागतील?" बारावीच्या निकालानंतर आमच्या टेबलासमोर बसणारे बहुतेक पालक याच प्रश्नाने सुरुवात करतात. आम्ही उलटं विचारतो, फिजिक्सला आणि मॅथ्सला किती पडले? पात्रता तिथं ठरते. सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतल्या पर्सेंटाइलने फक्त रांगेतला नंबर ठरतो. कोल्हापूर शहर, राधानगरी, गडहिंग्लज, चंदगड, शिवाय सीमेपलीकडची निपाणी, इथल्या मुलांचे फॉर्म भरून घेताना त्याच त्या चुका दरवर्षी समोर येतात. त्यांतल्या बऱ्याच अकरावीतच टाळता येण्यासारख्या असतात.

बी.टेक.साठी बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवेतच. तिसरा विषय मात्र केमिस्ट्रीच असला पाहिजे असं नाही. आयटी, कॉम्प्युटर सायन्स, बायॉलॉजी, इलेक्ट्रॉनिक्स यांसारखा मान्य यादीतला कुठलाही विषय चालतो. तिन्ही मिळून खुल्या गटाला ४५ टक्के, म्हणजे ३०० पैकी १३५ गुण लागतात. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ४० टक्के, म्हणजे १२०. आता एक गुणपत्रिका बघा: फिजिक्स ४२, मॅथ्स ४४, केमिस्ट्री ४०. बेरीज १२६. खुल्या गटातला मुलगा इथंच बाहेर, मग सीईटीला ९० पर्सेंटाइल का असेना. पण त्याच मुलाने भाषेऐवजी आयटी घेतलेलं असेल आणि त्यात ८१ असतील, तर ४२ अधिक ४४ अधिक ८१, म्हणजे १६७. तो पात्र झाला. आयटी हा १०० गुणांचा विषय आहे आणि नीट अभ्यास केला तर त्यात गुण सांडत नाहीत. अकरावीत विषय निवडताना ही सोय कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

सीईटीची पात्रतेपुरती अट एवढीच, की गुण शून्य नसावेत. म्हणून "सीईटी बिघडली, आता काही होत नाही" असं म्हणून फॉर्मच न भरणाऱ्या मुलांना आम्ही हाताला धरून बसवतो. प्रवेशाच्या फेऱ्या संपेपर्यंत जागा हलत असतात.

अकरावीतली दुसरी चूक याहून महागात पडते. मेडिकल नाही झालं तर बघू, म्हणून मॅथ्स सोडून नुसतं बायॉलॉजी ठेवलं, की बी.टेक.चं दार बंद होतं. मग उरतं बीसीए, म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्सची पदवी. ते वाईट नाही, पण पर्याय म्हणून निवडणं वेगळं आणि दुसरं काही उरलं नाही म्हणून घेणं वेगळं.

कुठली डिग्री कुणाला, याबद्दल आमचं मत ठाम आहे. बी.टेक. चार वर्षांची, आणि पहिल्या वर्षात कॉम्प्युटर कमीच असतो. गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, ग्राफिक्स, मेकॅनिक्स. ज्याला गणिताचा कंटाळा आहे त्याची खरी परीक्षा इथं आणि पुढे डिस्क्रीट मॅथ्समध्ये होते. शिवाजी विद्यापीठाच्या कॉलेजांत बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स एन्टायर आहे, ज्याला इथं सगळे अजून बीसीएसच म्हणतात. त्यात पहिल्या सेमिस्टरपासून प्रोग्रामिंग हाती येतं, सोबत गणित, स्टॅटिस्टिक्स, इलेक्ट्रॉनिक्स. तीन वर्षांनी पदवी, नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथं वर्ष ऑनर्ससाठी. ज्या घराला चार वर्षांची इंजिनिअरिंगची फी झेपत नाही आणि ज्या मुलाला खरोखर प्रोग्रामिंगच करायचंय, त्याला आम्ही बीसीएस अधिक दोन वर्षांचं एमसीए (कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्सची पदव्युत्तर पदवी) हा रस्ता आवर्जून सांगतो. हा रस्ता कमी प्रतीचा आहे असं समजू नये.

बीसीएला कुठल्याही शाखेची बारावी चालते. २०२४-२५ पासून बीसीए, बीबीए हे अभ्यासक्रम एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांना वेगळी सीईटी सुरू झाली. एकूण १०० प्रश्न: ४० इंग्रजी, ३० रिझनिंग, १५ सामान्य ज्ञान आणि १५ कॉम्प्युटरची ओळख. म्हणजे कॉम्प्युटरच्या डिग्रीची परीक्षा, पण सगळ्यात मोठा वाटा इंग्रजीचा. मराठी माध्यमातल्या कॉमर्सच्या मुलांनी रोज एक उतारा वाचून त्यावरचे प्रश्न सोडवण्याची सवय डिसेंबरपासून लावली, तर फरक पडतो. इथं अडचण येते ती वेगळीच. सीईटीचा फॉर्म बारावीच्या परीक्षेच्या आसपास येऊन निघूनही जातो आणि मुलं निकालानंतर कॉलेजात जाऊन "बीसीएचा फॉर्म द्या" म्हणतात. काही कॉलेजांत त्याच धाटणीचे, पण वेगळ्या नावाचे सीईटीविना भरणारे कोर्स असतात. त्यात गैर काही नाही. फक्त पदवी प्रमाणपत्रावर नेमकं काय नाव येणार आणि पुढे एमसीएला ते चालणार का, हे आधी लेखी विचारा. बीसीए नसलेल्या बी.एस्सी., बी.कॉम., बी.ए. पदवीधरांनी एमसीएसाठी बारावीच्या किंवा पदवीच्या गणिताची अट काय आहे, हेही बघून घ्यावं.

दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याचा मार्गही आहे. त्यात हात चांगले तयार होतात, पण बी.टेक.च्या पहिल्या वर्षाचं गणित झालेलं नसतं आणि तिसऱ्या सेमिस्टरचं गणित त्यावरच उभं असतं. डिप्लोमाच्या शेवटच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत पहिल्या वर्षाचं मॅट्रिक्स, डिफरन्शिएशन, इंटिग्रेशन स्वतः करून घ्यावं. घरी राहून शिकायचं असेल तर आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी आहे. तिला जेईई लागत नाही, बारावी कुठल्याही शाखेची चालते, फक्त दहावीला गणित आणि इंग्रजी असावं लागतं. आधी चार विषयांचा चार आठवड्यांचा अभ्यास आणि मग केंद्रावर जाऊन द्यायची क्वालिफायर परीक्षा. आर्ट्स-कॉमर्सच्या जिद्दी मुलांना ही वाट खुली आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

आता मुलाला हे आवडतं का, हे कसं ओळखायचं? मोबाइल पटापट चालवता येतो यावरून काही कळत नाही. आम्ही एक काम देतो. गावच्या दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल घ्यायचं. सकाळ-संध्याकाळ मिळून वीस नोंदी, प्रत्येकीत लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक). दरपत्रक म्हणजे एका बाजूला फॅट, दुसऱ्या बाजूला एसएनएफ असा तक्ता. दोन्ही जिथं भेटतात तो दर. गाईचा तक्ता वेगळा, म्हशीचा वेगळा. एवढं बिल काढणारा प्रोग्राम पायथनमध्ये लिहायचा आणि तो संस्थेच्या बिलाशी पैशापर्यंत जुळवायचा. मुदत दोन आठवडे.

गंमत सुरू होते ती जुळवताना. पहिल्यांदा फॅट ६.४ तक्त्यात सापडतच नाही. प्रोग्राम फॅट मोजत ०.१ ने पुढं सरकत असेल, तर कॉम्प्युटरच्या आत नेमकं ६.४ कधी येतच नाही, जवळपासचा लांबलचक अपूर्णांक येतो. उपाय साधा: दहाने गुणून ६४ असा पूर्णांक ठेवायचा. मग एका सकाळी दूध घातलेलंच नसतं, ती नोंद रिकामी असते आणि प्रोग्राम तिथं कोसळतो. एखाद्या दिवशी फॅट तक्त्याच्या बाहेरचं येतं. शेवटी सगळं बसतं, पण बिलात काही पैशांचा फरक राहतो. कारण संस्था प्रत्येक नोंदीची रक्कम पूर्णांकित करून बेरीज करते आणि प्रोग्राम बेरीज करून मग पूर्णांकित करतो. त्या काही पैशांसाठी जो मुलगा किंवा मुलगी रात्री जागते, तिला या विषयाला बिनधास्त घाला. "पन्नास पैशांनी काय होतंय" म्हणून जो उठतो, त्याच्याशी जरा बोलायला हवं. हुशारीचा इथं संबंध नाही, हे काम असंच असतं आणि ते रोज असतं.

सीईटीबद्दल थोडक्यात. पीसीएम गटाला फिजिक्स ५०, केमिस्ट्री ५० प्रश्न, प्रत्येकी एक गुण. मॅथ्स ५० प्रश्न, प्रत्येकी दोन. एकूण २००. पहिल्या ९० मिनिटांत फिजिक्स-केमिस्ट्री, दुसऱ्या ९० मिनिटांत फक्त मॅथ्स. एकाचा उरलेला वेळ दुसऱ्याला वापरता येत नाही. म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्रीला एका प्रश्नामागे ५४ सेकंद आणि मॅथ्सला १०८. बोर्डाच्या पद्धतीने पूर्ण गणित मांडत बसलं तर पेपर निम्म्यावर राहतो. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. शेवटची तीन मिनिटं त्यासाठी राखून ठेवा. अभ्यासक्रमाचा साधारण २० टक्के भाग अकरावीचा असतो. अकरावी "पास झालो" एवढ्यावर काढलेल्यांची तिथं दमछाक होते. फिजिक्स-केमिस्ट्री मराठीतून घेता येतं, मॅथ्स मात्र इंग्रजीतूनच असतं. मराठी माध्यमातल्या मुलांनी गणिताचे शब्द इंग्रजीतून पक्के करावेत.

कागदपत्रांवर थोडं थांबायला हवं, कारण जागा हातातून जाते ती बहुतेक वेळा इथं.

जात प्रमाणपत्र असणं वेगळं आणि जात वैधता असणं वेगळं. वैधतेचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करायचा. पुरावा लागतो तो ठरलेल्या तारखेपूर्वीचा: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आजोबांचा, कधी पणजोबांचा. सगळ्यात भक्कम कागद म्हणजे गावच्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. मुख्याध्यापकांकडे अर्ज देऊन तो मिळतो, पण वर्ष आणि नाव नेमकं सांगावं लागतं. जुन्या रजिस्टरात आजोबांचं नाव "बाबू" असतं, आधारवर "बाबूराव". आडनावाच्या जागी काही ठिकाणी गावाचं नाव असतं. असं असेल तर वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचा पुरावा सोबतच जोडा. नंतर त्रुटी निघाली की महिने जातात. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक शोधायचं. त्यातल्या काही नोंदी मोडीत असतात. त्यांचं लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्यावं लागतं आणि त्यालाही वेळ लागतो. हे सगळं जूनमध्ये सुरू करणाऱ्याला जुलैत जागा कशी मिळणार?

नॉन क्रिमिलेअर दाखला प्रवेशाच्या वर्षाच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असला पाहिजे. २०२६-२७ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२७. मोठ्या बहिणीच्या वेळचा किंवा दहावीनंतर काढलेला दाखला दप्तरात असतो, पण त्याची मुदत कुणी वाचलेली नसते. अनुसूचित जाती-जमातींना हा लागत नाही. ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) यांना लागतो.

सीमाभागासाठी वेगळी नोंद. चंदगडच्या मुलाने दहावी इथं आणि बारावी बेळगावात केली असेल, तर त्याची महाराष्ट्रातली उमेदवारी सरळ ए प्रकारात बसत नाही. त्याला स्वतःचा किंवा आई-वडिलांचा अधिवास दाखला काढून बी प्रकारातून यावं लागतं. आणि निपाणी, बेळगाव, खानापूरसारख्या वादग्रस्त सीमाभागात राहणाऱ्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी ई प्रकार आहे. ही मुलं परराज्यातली म्हणून फॉर्म भरतात आणि हक्काची जागा सोडून देतात. फॉर्ममध्ये उमेदवारीचा प्रकार निवडताना घाई करू नका.

आता ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज आणि शाखांचा पसंतीक्रम. आधी मागच्या वर्षीची कटऑफ यादी उतरवून घ्या. त्यातली सांकेतिक नावं बघून पालक घाबरतात, पण वाचायची पद्धत सोपी आहे. 'जीओपनएच' मधला जी म्हणजे सर्वसाधारण, एल असेल तर मुलींसाठी राखीव. मधला भाग गट: ओपन, ओबीसी, एससी. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी (आपल्या भागाचं विद्यापीठ), ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यस्तर. कोल्हापूरच्या ओबीसी मुलीने चार रकाने बघायचे: तिच्या गटातल्या मुलींचा, गटातला सर्वसाधारण, खुल्यातल्या मुलींचा आणि खुला. ती या चारही जागांवर बसू शकते.

टीएफडब्ल्यूएस ही ट्यूशन फी माफीची जागा. मंजूर जागांच्या पाच टक्के, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत. तिचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी टी हे अक्षर. अर्जात "टीएफडब्ल्यूएस हवं" म्हटलं म्हणजे झालं असं नाही. तो कोड ऑप्शन फॉर्ममध्ये स्वतंत्र टाकावा लागतो. हे न कळल्यामुळे पात्र मुलं पूर्ण फी भरताना आम्ही पाहिली आहेत आणि दरवेळी वाईट वाटतं. त्या जागांचा कटऑफ नेहमीच्यापेक्षा वर जातो, म्हणून एकाच शाखेचा टी कोड आधी आणि साधा कोड लगेच त्याखाली, असं लावा.

क्रम लावताना मनातली खरी आवड वर, यापलीकडे कुठलीही चलाखी करू नये. २०२५ पासून चार फेऱ्या झाल्या आणि नियम कडक झाला: पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसरीत पहिल्या तीनांतला, तिसरीत पहिल्या सहांतला, तर ती जागा घ्यावीच लागते. पुढच्या फेरीत जाता येत नाही. "हे तर नक्की मिळेल" म्हणून घराजवळचं कॉलेज पहिल्या नंबरला टाकलं आणि ते मिळालं, की खाली टाकलेलं सांगलीचं वालचंद किंवा कराडचं सरकारी कॉलेज संपलं. सुरक्षित पर्याय फॉर्ममध्ये जरूर असावा, पण आपल्या जागी, खाली. आणि वरचे सहा पर्याय असे असावेत की त्यातला कुठलाही मिळाला तरी घरात रडारड होणार नाही.

शाखेच्या नावावरून फार भांडू नका. कॉम्प्युटर सायन्स, आयटी, एआय अँड डेटा सायन्स यांचे तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरचे विषय शेजारी ठेवून बघा: डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क. बरंचसं एकच असतं. आम्ही नावापेक्षा हे विचारायला लावतो: एनबीए (अभ्यासक्रमाच्या दर्जाची राष्ट्रीय) मान्यता त्या शाखेला आहे की कॉलेजच्या दुसऱ्याच शाखेला? ती शाखेगणिक मिळते आणि बॅच बाहेर पडल्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे नव्या शाखांना ती नसणं स्वाभाविक आहे. शाखेला कायम प्राध्यापक किती? प्लेसमेंटच्या फलकावरचा सर्वांत मोठा आकडा सोडा, मधल्या मुलाला किती मिळाले आणि नोंदणी केलेल्यांपैकी कितींना मिळाले ते विचारा. कॉलेज स्वायत्त असेल तर अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांची, पदवी विद्यापीठाची. अभ्यासक्रम त्यांच्या संकेतस्थळावर असतो, तो वाचून जा.

पैशांचं. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना ट्यूशन आणि परीक्षा फीची निम्मी सवलत मिळते. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी आणि ओबीसी मुलींना ती पूर्ण आहे. अट अशी की प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला सवलत नाही, हे पैसे भरून झाल्यावर कळतं. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज वेगळा भरायचा आणि दरवर्षी नूतनीकरण करायचं. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात. राहण्याचा प्रश्न असेल तर दसरा चौक परिसरातल्या बोर्डिंगांत आधी चौकशी करा. शाहू महाराजांनी १९०१ पासून इथं बोर्डिंगं उभी करायला सुरुवात केली ती खेड्यातल्या पोरांसाठीच.

जागा लागल्यावर स्वीकृती शुल्क भरलं, की बरेचजण निर्धास्त होतात. त्याने जागा फक्त धरली जाते. ठरलेल्या तारखेच्या आत मूळ कागद घेऊन कॉलेजात हजर राहून फी भरली नाही, तर ती जागा पुढच्याला जाते. शेवटच्या दिवशी दुपारनंतर सर्व्हर रेंगाळतो आणि गगनबावड्याकडून एसटीने येणाऱ्याचा पावसात वाटेतच वेळ जातो. त्यामुळे आदल्या दिवशीच या. फाईल अशी लावा: वर अलॉटमेंटचं पत्र, मग दहावी, बारावी, सीईटीचं गुणपत्रक, दाखले, उत्पन्न, आधार, फोटो. शाळा सोडल्याचा दाखला सगळ्यात शेवटी ठेवा. तो मूळ जमा होतो आणि परत मिळत नाही, म्हणून देण्यापूर्वी त्याचा रंगीत स्कॅन आणि पाच-सहा साक्षांकित झेरॉक्स काढून घ्या. पासपोर्ट, वैधता, वसतिगृह, सगळीकडे तो मागतात.